आंबिया बहार आणि अर्धी भाकरी

यंदाही दसरा सरला आणि सौंसरच्या रस्त्यांवर तणस सांडायला लागलं. संत्र्यांच्या पेट्यांत खाली-वर घालायला आणलेलं हे भाताचं तणस गाड्यांतून उडतं, शाळेच्या फाटकातून आत येतं, पोरींच्या वेण्यांत अडकतं. त्याच्यामागोमाग वास येतो. संत्र्याच्या ताज्या सालीचा, थोडा कडवट, डोळ्यांत चुरचुरणारा. या वर्षी बदलून आलेल्या आमच्या नव्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून म्हणाल्या, "किती छान वास आहे हो तुमच्याकडे!" मी हो म्हटलं. पण आंबिया बहार, म्हणजे दसऱ्यानंतर उतरणारं संत्र्याचं पीक, तोडीला आला की मला संत्र्याच्याही आधी आठवते ती एक दोनशे पानी वही, साखर मोजायचं छोटं मशीन आणि बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा.

ऋतूवर लिहायचं तर माणसं पानगळीवर लिहितात, धुक्यावर लिहितात. माझ्या मनात घर करून बसलेला ऋतू हा असा आहे. तीन वर्षांपूर्वीचा. त्याला मी तरी काय करणार?

आमचं गाव मोहगावजवळचं. मी सौंसरच्या शाळेत शिकवते, रोज जाऊन-येऊन करते आणि आई-बाबांजवळ राहते. बाबा संत्र्याच्या तोडीचे मुकादम. बाया-माणसांची टोळी घेऊन लोकांच्या बागांत जायचं, फळ उतरवायचं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते चाखण्यासाठी. आंबियाचं फळ फसवं असतं. पिवळंधम्मक दिसतं आणि आत आंबट निघतं. हिरवं दिसतं आणि आत साखर झालेली असते. म्हणून तोडीच्या आधी झाडागणिक फळ चाखावं लागतं. उन्हाकडच्या बाजूची एक फोड, सावलीकडची एक फोड. बाबा डोळे मिटतात, जीभ टाळूला लावतात आणि सांगतात, "बांध." मग त्या झाडाच्या फांदीला चिंधी बांधली जाते. चिंधी असलेलं झाड उद्या तोडायचं, नसलेलं पंधरा दिवसांनी. बाबांनी 'बांध' म्हटल्यावर मालक दुसऱ्यांदा विचारत नाही.

आणि एक नियम होता. चाखायचं, खायचं नाही. फळ मालकाचं. दोन फोडी जिभेवर, बाकीचं फळ सालीसकट टोपल्यात, ते मालकाच्या गोठ्यात जायचं. मी दुसरीत असताना एकदा बागेतलं संत्रं दप्तरात घालून आणलं होतं. बाबांनी मला हात धरून दोन मैल परत चालवलं आणि ते संत्रं मालकाच्या ओट्यावर ठेवायला लावलं. मालक हसत होता, राहू द्या म्हणत होता. बाबा हसले नाहीत. "मुकादमाच्या पोरीनं खाल्लं म्हंजे मुकादमानं खाल्लं," एवढंच म्हणाले. मी रस्ताभर रडले. पुढे कितीतरी वर्षं मला संत्रं हे खायचं फळ आहे असं वाटलंच नाही. ते बाबांच्या कामाचं सामान होतं.

तर त्या वर्षीचा काटा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सारं गाव पांढुर्ण्याला गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, पाहायला गेलं असताना, बाबा एकटेच एका बागेत फिरायला गेले आणि संत्र्याचा काटा प्लास्टिकच्या बुटातून आरपार अंगठ्यात शिरला. संध्याकाळी आईनं मोज्यावरचं रक्त पाहिलं तेव्हा त्यांना कळलं. दुखलंच नव्हतं. माणसाच्या पायात काटा घुसतो आणि त्याला दिवसभर पत्ता नसतो, ही गोष्ट मला तेव्हा बाबांच्या कणखरपणाची वाटली. आता माझी मलाच लाज वाटते. दहा वर्षांच्या मधुमेहाची साखर त्यांच्या पायांतली जाण खाऊन बसली होती.

दसऱ्यापर्यंत अंगठा निळा-काळा झाला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून पाहिली, दाबून पाहिली, वास घेतला. त्या गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "रक्त अजून पोचतंय, म्हणून मी दोन महिने थांबते. पायावर भार नको, रोज ड्रेसिंग, गोळ्या वेळेवर, आणि साखर खाली पाहिजे. नाही आली तर अंगठा काढावा लागेल. उशीर केलात तर पाऊलही." मग त्यांनी कागदावर एक ताट काढलं. अर्ध्या ताटात भाज्या. पाव ताटात डाळ, उसळ, अंडं, कोंबडी, पनीर, जे परवडेल ते. उरलेल्या पावात भाकरी. "आणि ही पावच. भात नको, बटाटा नको, साबुदाणा नको, गूळही नको. तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा."

आई म्हणाली, "पन बाई, आमच्याकडं जवारीचीच भाकर हाय. जवारी तं शुगरवाल्याले चालते नं?"

"चालते. अर्धी चालते. चार चालत नाहीत."

परतीच्या बसमध्ये सावनेर आल्यावर आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सारा जलम भाकरीच्या मांगं धावलो. आता मिळून राहिली तं अर्धी खा म्हंते." मी तिला समजावणार होते. पण शाळेत पोरांना समजावते तसं आईला समजावता येत नाही. तिच्या लहानपणी घरात सहा पोरं आणि तीन भाकरी असायच्या, हे मी ऐकून आहे. अर्धी भाकरी हा शब्द तिच्या कानाला औषधासारखा लागत नव्हता.

तरी तिनं केलं. आमच्या स्वयंपाकघराचा नकाशाच बदलला. तांदळाचा डबा वरच्या फळीवर गेला. सकाळच्या पोह्यांच्या जागी मुगाची धिरडी आली, उकडलेली अंडी आली, मूठभर फुटाणे आले. मेथी, चवळी, अंबाडी, वांग्याचं भरीत, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, ताक. अंबाडीच्या भाजीत तांदळाच्या कण्या घालायची तिची सवय, ती तिनं मोडली आणि तुरीची डाळ घातली. थापताना भाकरी आपोआप मोठी व्हायची, तेव्हा तिनं स्टीलची एक ताटली तव्याशेजारी ठेवली. त्या मापाची एक भाकर थापायची आणि सुरीनं कापायची. भाकरी सुरीनं कापलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. बाबा मुकाट्यानं जेवायचे. तेही नियमाचे पक्के. ताटात अर्धीच्या वर कोर आली तर स्वतः काढून ठेवायचे.

मी वही आखली. एका बाजूला सकाळचा उपाशीपोटीचा आकडा, मध्ये दिवसभरात जे खाल्लं ते, शेवटी संध्याकाळचा आकडा. लाल पेन, निळा पेन. आठ दिवसांत सकाळचा आकडा उतरला. मी खूश होते. पण संध्याकाळचा आकडा तीनशेच्या आसपास, कधी वर. दुपारी अर्धी भाकरी, दोन अंडी आणि मेथी खाल्लेल्या माणसाची साखर तीनशे कशी होते? मशीन बदलून पाहिलं. पट्ट्या बदलून पाहिल्या. रात्रीचं जेवण आणखी कमी केलं. डॉक्टरीणबाईंना फोनवर आकडे सांगितले, त्यांनी गोळीचा डोस वाढवला. रोज ड्रेसिंग सोडताना मी जखमेची कड निरखायचे. जखम वाढत नव्हती, पण भरतही नव्हती. दोन महिन्यांतले दिवस मात्र भराभर चालले होते.

मग मला वहीत एक गोष्ट दिसली. रविवारचा संध्याकाळचा आकडा चांगला असायचा. सोमवार ते शनिवार वाईट. आता रविवारी काय वेगळं? रविवारी मी घरी असते. बाकीचे सहा दिवस मी सौंसरला, आणि घरी आई.

तुम्ही म्हणाल, बाबांना का नाही विचारलं? विचारलं. "बाबा, खरं सांगा, काही गोडधोड खाऊन राहिले का?" "वहीत लिवलं तेवढंच," बाबा म्हणाले. आणि बाबा खोटं बोलत नाहीत. मग उरलं कोण? आमच्या घरी दिवाळीचा गाजावाजा नसतो, आमचं पौर्णिमेला विहार आणि खीर. पण बागमालकाकडून फराळाचा डबा येतोच येतो. त्या वर्षीही आला. मी करंज्या मोजून ठेवल्या. सांगायला लाज वाटते, पण ठेवल्या. दोन दिवसांनी दोन कमी निघाल्या. आई म्हणाली, शेजारच्या नातवाले देल्या. मी उरलेल्या पुन्हा मोजल्या. माझं ते मोजणं तिला बरोबर समजलं.

आणि मग तो रविवार. मी बाजारात गेले होते, आमच्या गावचा बाजार रविवारी, त्या दिवशी टोळीची सुट्टी. मेथीच्या दोन जुड्या आणि अंडी घेऊन दारात आले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, आणि आई त्यांच्या तोंडात चमच्यानं साखर घालते आहे. शेजारी साखरेचा डबा उघडा.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. अंडी फुटली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. "तुले त्यांचा पाय कापाचा आहे का?" हे एक वाक्य मात्र लिहिते, कारण ते मी माझ्या आईला उद्देशून म्हटलं आणि ते शेजारीपाजारी ऐकू गेलं.

आई म्हणत होती, "घाम फुटला होता वो बाई त्याईले. हात थरथर करून राहिले होते. डॉक्टरीनबाईनंच सांगतलं होतं नं, असं झालं तं साखर द्या म्हून."

मी बाबांचं बोट टोचलं. एकशे दहा. "पाह्य! एकशे दहा हाय. कुठं कमी झाली शुगर?" मी मशीन तिच्या तोंडापुढे नाचवलं. तीन-चार चमचे साखर खाल्ल्यावर एकशे दहा आहे, म्हणजे त्याआधी किती खाली गेली असेल, एवढा साधा हिशोब गणित शिकवणाऱ्या बाईला सुचला नाही. माणसाला एकदा दोषी सापडला की मग त्याला गणित लागत नाही.

आई उठली. तिनं साखरेचा डबा उचलला, माझ्या खोलीत गेली, माझं कपाट उघडलं, साड्यांच्या खाली तो डबा ठेवला आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मग फुटलेली अंडी पुसायला बसली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. चहा माझ्यासमोर ठेवायची आणि निघून जायची. बाबा दोघींकडे पाहायचे आणि पायाकडे पाहायचे. घरात तिघं माणसं आणि मध्ये तो बांधलेला अंगठा.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. कोणालाही न सांगता दुपारच्या बसनं घरी आले. खरं सांगायचं तर आईला पकडायला आले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई एकटी जेवत होती. तिच्या ताटात वांग्याचं भरीत आणि अर्धी भाकरी. सुरीनं कापलेली, बाबांच्या अर्धीची दुसरी अर्धी.

"तू काहून अर्धी खाऊन राहिली?" मी विचारलं. चार दिवसांतलं माझं पहिलं वाक्य.

तिनं वर पाहिलं नाही. "थे अर्धी खाऊन राहिले, मंग मले पुरी गोड लागन का?"

"बाबा?"

"बागेत. कुठं असन? डबा नेला. मेथी अन् दोन अंडे. वास घेऊन पाह्यतं का माह्या हाताचा?"

मी मशीन घेऊन बागेकडे निघाले. पळतच म्हणा ना.

बाबांना बागेत जायची परवानगी मीच दिली होती, हे इथे सांगायला हवं. डॉक्टरीणबाईंनी पायावर भार नको म्हटलं होतं आणि मालकानं तोडगा काढला होता: स्कूटरवर मागं बसवून नेतो, खुर्चीत बसवतो, शिडी नाही, चालणं नाही, "मुकादम फक्त चाखतीन." मला ते उत्तम वाटलं. माणूस कामात राहील, पायाला आराम. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "काय केलं आज?" बाबा सांगायचे, "काही नाही, बसलो अन् चाखलं." आणि मी वहीत लिहायचे: अंडी दोन, मेथी, अर्धी भाकरी, ताक. चाखलं हे लिहिलं नाही. एकदाही नाही. लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्याच घरात वाढलेली. आमच्याकडे पौर्णिमेच्या उपोसथालाही बाबा चाखायचे आणि उपास मोडायचा नाही.

बागेत आंबियाचा नुसता घमघमाट होता. झाडांच्या मधल्या पट्ट्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा बसलेले, दुखरा पाय उलट्या ठेवलेल्या पेटीवर. आणि बाया येत होत्या. पूर्वी बाबा झाडापाशी जायचे, तेव्हा दिवसाला होतील तेवढी झाडं व्हायची. आता झाडं बाबांपाशी येत होती. कौसल्याबाई, टोळीतली सगळ्यांत जुनी बाई, पदराच्या ओच्यात फळं घेऊन रांगेनं सांगत होती, "हे चवथ्या वळीतलं, पाचवं झाड." बाबा सोलायचे, दोन फोडी जिभेवर, डोळे मिटायचे. "बांध." पुढचं. "राहू दे." पुढचं. बाजूला टोपलं भरून सोललेली, दोन-दोन फोडी गेलेली संत्री.

मी झाडाआड उभी राहून मोजत होते. वीस झाडांच्या चाळीस फोडी. म्हणजे चार अख्खी संत्री, आणि तेही मी पाहत होते तेवढ्या वेळात. दिवसभरात किती होत असतील? सोमवारी, मंगळवारी, शनिवारी? आणि रविवारी सुट्टी. रविवारी चाखणं नाही. रविवारी वाढलेली गोळी आणि अर्धी भाकरी आणि संत्रं नाही, म्हणून घाम आणि थरथर. सगळं एकदम समोर आलं.

"बाबा, हात द्या." मी पुढे झाले. त्यांनी मला पाहून आश्चर्यानं हात पुढे केला. मी घाईत बोट टोचलं. मशीनवर आकडाच आला नाही. साखर मोजण्याच्या पलीकडे गेली की येतात ती दोन इंग्रजी अक्षरं आली. मग बोटांकडे लक्ष गेलं. संत्र्याच्या रसानं चिकट झालेली. हात धुऊनच टोचायचं, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कौसल्याबाईनं पाण्याचा गडू दिला, साबणाचा तुकडा दिला. दोनदा हात धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. पाच सेकंद. तीनशे अठरा.

"बाबा, तुमी दिवसभर संत्री खाऊन राहिले."

बाबांचा चेहरा पडला नाही, कडक झाला. तसा मी तो एकदाच पाहिला होता, दुसरीत असताना. "काय म्हनली?"

"संत्री खाऊन राहिले तुमी. म्हून शुगर—"

"मी खात नाही." बाया थांबल्या होत्या. "चाळीस वर्सात मालकाचं एक फळ खाल्लं नाही मी. इचार ह्या बायाईले. कोनाच्या बागेतलं खाल्लं असन तं सांग. चाखतो मी. काम आहे माह्यं थे."

तेव्हा मला कळलं की मी त्यांना काय म्हटलं. मी साखरेबद्दल बोलत होते, आणि त्यांना ऐकू आलं होतं की मुलीनं चारचौघांत आपल्याला चोर म्हटलं. अंगठा वाचवायचा तर त्यांना कबूल करावं लागणार होतं की खाल्लं. आणि ते कबूल करण्यापेक्षा अंगठा जाऊ देतील, असा माझा बाप.

"मंग थुंकून द्या," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "चाखा अन् थुंका."

"झाडापाशी थुंकू?" त्यांनी असं विचारलं की मी खाली पाहिलं.

मागून आईचा आवाज आला. मी मशीन घेऊन पळाले म्हणून तीही जेवण टाकून मागं आली होती. धापा टाकत होती. तिनं टोपल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तिला सारं समजलं. ती माझ्यावर एक शब्दानं उलटली नाही. बाबांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"अवो, तुमी चाखलंच. कोनी म्हनते का खाल्लं म्हून?" ती हळू आवाजात म्हणाली. "पन पोटाले कोन सांगन? पोटाले मुकादमी समजते का तुमची?"

वाऱ्यानं चिंध्या हलत होत्या. बाबांनी पेटीवरच्या पायाकडे पाहिलं, बराच वेळ, जणू तो आत्ताच दिसला.

"मंग बागेत मी कायले येऊ?"

"'बांध' म्हनायले या," आई म्हणाली. "जीभ माही घ्या."

तिनं कौसल्याबाईच्या ओच्यातलं संत्रं उचललं, सोललं, दोन फोडी तोंडात घातल्या. डोळे मिटले. आईनंही बाबांच्या टोळीत तीस वर्षं काढली होती, शिडीवर. पण तिला कोणी कधी चाखायला सांगितलं नव्हतं. बाबांनी शाळामास्तरासारखं विचारलं, "आंबट पयले आलं का मागून?" "मागून." "किती येळ राह्यलं?" "गेलं पटकन." "चोथा?" "नरम हाय." बाबा थांबले. जीभ टाळूला लावली, रिकामीच. "बांध," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी कपाटातून साखरेचा डबा काढून आईसमोर ठेवला. माफीचं वाक्य मी बागेतून येताना दहा वेळा जुळवलं होतं, ते काही निघालं नाही. "आई, माहं चुकलं" एवढंच निघालं. ती भाकरी थापत होती. "राहू दे तुह्याच कपाटात," म्हणाली. "मी तं पोळ्यापासून बिनासाखरेचाच चहा पेऊन राहिली. तुले दिसलं नाही." मी वहीत रोज तीन माणसांच्या घरातल्या एकाच माणसाचं खाणं लिहीत होते. मी भिंतीकडे तोंड करून रडले. तिनं पीठ लागलेला हात माझ्या पाठीवर ठेवला. तेवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी गोळीचा डोस परत कमी केला. "हे मला आधी कोणी सांगायला नको होतं का?" म्हणाल्या. संध्याकाळचे आकडे उतरायला लागले. एकदम नाही, कुरकुरत. आई बागेत चाखत होती आणि बाबा तिच्या तोंडाकडे पाहत निकाल देत होते. एकदा दोघांची चूक झाली, आंबट झाडाला चिंधी बांधली गेली, आणि बाबा दोन दिवस जेवताना तेच उगाळत होते. मालक काही बोलला नाही. मी ड्रेसिंग सोडायचे तेव्हा जखमेच्या कडेला गुलाबी रंग दिसतो की मला तसा भास होतो, हे ठरवता यायचं नाही.

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी नागपूरला जाताना बाबांनी नवे मोजे घातले. आई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून आली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. दाबलं. वास घेतला. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि मी त्या पाठीकडे पाहत उभी होते.

"अंगठा राहतोय," त्या म्हणाल्या. "नख येणार नाही. पण अंगठा राहतोय."

बाबा म्हणाले, "नखाचं काय करू मी," आणि डोळे पुसले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

निघताना त्यांनी दारात थांबून विचारलं, "बाई, मले संत्रं कधीच नाही चालन का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल की. रस नाही. एक फळ, आठवड्यातून एक-दोनदा, आणि त्या वेळची भाकरी सोडून. "पन अख्खं?" बाबांनी विचारलं. "हो, अख्खं. आणि वहीत लिहायचं."

त्यानंतरच्या रविवारी आई बाजारात गेली आणि संत्री विकत घेऊन आली. विकणारी बाई तिला हसली म्हणे, मुकादमाच्या घरी संत्री इकत? आईनं पिशवीतली सगळी पाहून एक निवडलं, धुतलं आणि बाबांच्या ताटात ठेवलं, भाकरीच्या जागी. बाबांनी ते उचलून उलटसुलट पाहिलं. "कोनाच्या बागेतलं?"

"आपलं हाय. इकत आनलं," आई म्हणाली.

त्यांनी सोललं. पहिली फोड, दुसरी फोड. सवयीनं डोळे मिटले, जीभ टाळूला लागली. आणि सवयीनं हात बाकीचं फळ टोपल्यात टाकायला बाजूला गेला. तिथं टोपलं नव्हतं. हात तसाच थांबला. मग बाबांनी डोळे उघडले आणि तिसरी फोड तोंडात घातली. चौथी. हळूहळू, बिया ताटाच्या कडेला ओळीनं मांडत. शेवटची फोड त्यांनी आईपुढे धरली.

"चाखू का खाऊ?" आईनं विचारलं.

"खाय," बाबा म्हणाले.

मी वही घेऊन बसलेच होते. सत्तरीला टेकलेल्या, आयुष्यभर संत्र्यांत उभ्या राहिलेल्या त्या माणसानं बोटं पुसली, माझ्याकडे पाहिलं आणि बागेत 'बांध' म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "लिव बाई. खाल्लं."